बिवळ्याचा छाट आणि बिवळ्याचं वाण

बिवळ्याच्या लाकडाचा पेला दादरा नगर हवेलीतल्या किलवणीच्या श्रोत्यांना हातात धरून दाखवायला नको. रात्री त्यात पाणी भरलं की सकाळपर्यंत ते तपकिरी होतं आणि मधुमेहाचा माणूस ते औषध म्हणून पितो. पेल्याला लागतं ते जून झाडाच्या गाभ्याचं लाकूड. तो गाभा भरायला कैक वर्षं जातात, झाड आडवं व्हायला एक दुपार पुरते. साग, खैर, सादड्याच्या जोडीनं दादरा नगर हवेलीच्या पानझडी जंगलात वाढणारा हा वृक्ष आज आययूसीएनच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याची शेंग म्हणजे पंखाची गोल चकती. आत बहुधा एकच बी आणि कवच इतकं टणक की रुजवण बेभरवशाची. म्हणून छाटकलमाचा विचार पुढे येतो, आणि तो रास्तच आहे. पण छाटानं नेमकं काय वाचतं, हे आधी ठरवायला हवं.

पांगाऱ्याचा, शेवग्याचा खुंटा कुंपणाला रोवला की पावसात फुटतो. मग बिवळ्याचा का नाही, असं कुणी विचारेल. जून फांदी मुळं धरण्याची ताकद बरीचशी हरवून बसते. इंडोल ब्युटिरिक आम्लाची भुकटी लावली तरी सहसा दाद देत नाही. तोडलेल्या बुंध्यावरचा फुटवा मात्र कोवळा असतो, आणि आशा आहे ती त्याच्यावर: दोन-तीन डोळ्यांचा छाट, पानं अर्धी कापलेली, निचऱ्याची वाळू, सावली, हवेत सतत ओल. उभ्या झाडाची खालची फांदी बुडाशी छाटली तरी असे धुमारे मिळू शकतात. म्हणजे ज्या खुंटाला आपण जळण समजतो, तीच आपली मातृबाग.

आता खरा वाद. सरळ खोडाचं एक उत्तम झाड निवडून त्याचीच हजार रोपं का करू नयेत? लाकडासाठी खुशाल करा. वाण वाचवायला ती उपयोगाची नाहीत. ती हजार रोपं म्हणजे एकच झाड हजार जागी उभं. हापूसचंही तसंच आहे, पण हापूसला राखणारा बागायतदार असतो. जंगलातल्या बिवळ्यावर रोग आला तर फवारणी कोण करणार? आणि रोग नाही आला, तरी बियाची अडचण राहतेच. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर काफे मारों या जातीचं एकच झाड उरलं होतं. 1986 मध्ये त्याचे छाट लंडनच्या क्यू उद्यानात नेले. ते रुजले, फुललेही. बी मात्र 2003 पर्यंत धरलं नाही. इतकी वर्षं झाड जिवंत होतं, वंश थांबलेला होता. उलट बाजूनं म्हणतात, मग छाट कशाला, बियाच पेरा. जिथं बिवळ्यांना जोडीदार आहेत तिथं तेच करावं. बियाच्या रोपाला सोटमूळ असतं, छाटाला ते मिळत नाही, आणि उतारावरच्या उन्हाळ्यात हा फरक कळतो. पण बांधावर एकट्या उरलेल्या, उद्या तुटणाऱ्या झाडासाठी बियाची वाट पाहणं परवडत नाही. छाट तिथं हवेत. तेही एका झाडाचे शंभर नव्हे, तर तीस-चाळीस झाडांचे दोन-दोन, वेगवेगळ्या पाड्यांवरून. प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाची खूण, आणि लावताना सगळी रोपं मिसळून, म्हणजे पुढचं बी त्यांच्या आपसांत धरेल. पावसाळ्याआधी आपापल्या पाड्यावरचे बिवळे मोजून ठेवा, खुंटसुद्धा मोजा.