कॅस्लन : नाव झाकलं की डोळे काय म्हणतात?

आज एका फॉन्टची गोष्ट सांगते. नाव कॅस्लन, जन्म अठराव्या शतकातल्या लंडनमधला.

विल्यम कॅस्लन मूळचा बंदुकांवर नक्षी कोरणारा कारागीर. पुढे तो छपाईचे खिळे पाडायला लागला आणि १७३४ साली त्याने आपल्या टाइपांचा नमुना-कागद काढला. त्याच्या अक्षरांनी इंग्लंड-अमेरिकेतले छापखाने भरून गेले. १७७६ मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्याचं जाहीरनामापत्रक छापलं गेलं, तेही कॅस्लनमध्येच.

मग जॉन बास्करव्हिलचा नवा, जास्त रेखीव टाइप आला. एक गृहस्थ बेंजामिन फ्रँकलिनला म्हणाले, याच्या बारीक रेषांनी लोक आंधळे होतील! फ्रँकलिन महा खट्याळ. त्याने कॅस्लनचा नमुना-कागद घेतला, वरचं नाव फाडलं आणि “हा घ्या बास्करव्हिल, दाखवा चुका” म्हणून पुढे केला. गृहस्थांनी भराभर चुका काढल्या. म्हणे, वाचताना डोळेसुद्धा दुखतायत! जन्मभर जो टाइप ते आरामात वाचत आले होते, तोच तो. फ्रँकलिनने त्यांना खरं सांगितलंच नाही. हा किस्सा त्याने स्वतःच बास्करव्हिलला पत्रातून कळवला.

मग कॅस्लनची ऊब म्हणजे नुसती सवय का? बरीचशी हो. पण सगळी नाही, असं मला वाटतं.

हा ओल्ड स्टाइल सेरिफ. सेरिफ म्हणजे अक्षरांच्या टोकांना असलेले छोटे पाय. इथे जाड-बारीक रेषांत फार फरक नाही आणि गोल अक्षरांचा तोल किंचित कललेला, बोरूने लिहिल्यासारखा. कॅपिटल ‘ए’चं डोकं तर खरवडल्यासारखं दिसतं. सुटं अक्षर बघाल तर थोडं ओबडधोबड, पण परिच्छेदात सगळी गुण्यागोविंदाने नांदतात. त्या काळी प्रत्येक आकाराचा ठसा हाताने वेगळा कोरत. आज बहुतेक वेळा एकच चित्र लहानमोठं करतात, म्हणून वापरताना भान हवं.

लांबलचक लेख, कादंबरी, छापील इंग्रजी निमंत्रण, इथे कॅस्लन शोभतो. ‘द न्यूयॉर्कर’चा मजकूर याच घराण्यातल्या अ‍ॅडोबी कॅस्लनमध्ये असतो. अ‍ॅपमधली बटणं, लांबून वाचायच्या पाट्या, अगदी बारीक अक्षर, तिथे नको. आणि हो, हा रोमन लिपीचा टाइप आहे. मराठी मजकुराला लावलात, तर फोन गुपचूप दुसराच देवनागरी फॉन्ट दाखवेल.

आता तुमचं काम. एकच पान मित्राकडून तीन फॉन्टमध्ये काढून घ्या, नावं न सांगता. दहा-दहा मिनिटं वाचा आणि मग ठरवा. “हा फॉन्ट वाचवत नाही” असं म्हणण्याआधी एवढं करायला काय हरकत आहे? भेटू पुढच्या भागात!