बिनतारी जाळ्यांतील पाहुण्यांची ओळख



धर्मशाळेंत उतरणारा प्रवासी नांव-गांव सांगण्यापूर्वींच आपली अर्धी ओळख देऊन बसलेला असतो. तो कोणत्या हेलांत बोलला, यावरून तो वऱ्हाडचा कीं कोंकणचा, हें जुना कारभारी तेव्हांच ताडतो. वाय-फायच्या बिनतारी जाळ्यांत शिरणाऱ्या यंत्रांचीही गोष्ट अशीच आहे.

नव्यानें आलेल्या यंत्रास प्रथम एक पत्ता लागतो. तो देण्याघेण्याच्या नियमांस डीएचसीपी म्हणतात. त्यांचें आजचें प्रमाण स्वरूप मार्च १९९७ मध्यें प्रसिद्ध झालें. यंत्र सर्वांना ऐकूं जाईल अशी हांक मारतें. राउटर एक पत्ता देऊं करतो. यंत्र तो मागून घेतें. आणि राउटर ठराविक मुदतीपुरता तो त्याच्या नांवें लावून देतो.

या मागणीबरोबर, ५५ क्रमांकाच्या रकान्यांत, यंत्र आणखी एक यादी पाठवितें. जाळ्याची व्याप्ति कळावी म्हणून १, बाहेर जाण्याचा मार्ग हवा म्हणून ३, नांवांवरून पत्ते शोधून देणारा हवा म्हणून ६, अशी ही क्रमांकांची भाषा आहे. काय मागावें आणि कोणत्या क्रमानें मागावें, हें मात्र नियमांनीं यंत्राच्या कर्त्यावर सोंपविलें आहे. आणि हेल उमटतो तो येथेंच. विंडोज १० ची यादी १, ३, ६, १५ अशी सुरू होते व तींत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा २४९ हा क्रमांक येतो. ॲपलची यंत्रें १ च्या पाठोपाठ १२१ मागतात. कित्येक यंत्रें तर ६० क्रमांकाच्या रकान्यांत आपलें कूळच लिहून देतात. अशा खुणा जमवून त्यांवरून यंत्र ओळखणें, यालाच डीएचसीपीचा ठसा घेणें म्हणतात.

पूर्वीं यंत्राच्या ४८ बिटांच्या अंगभूत क्रमांकांतील पहिल्या २४ बिटांवरून त्याचा कारखाना कळत असे. परंतु २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून व २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाइल त्या जागीं बहुधा बनावट क्रमांक दाखवितात. त्यामुळें ठशाचें महत्त्व वाढलें. रुग्णालयाच्या वा महाविद्यालयाच्या जाळ्यांत छपाईयंत्र कोणतें, मोबाइल कोणता, हें त्यावरून निवडतां येतें. काल छपाईयंत्राच्या हेलांत बोलणारा क्रमांक आज विंडोजच्या हेलांत बोलूं लागला, तर दुसरें कोणी त्याचें सोंग घेऊन आलें असावें, हेंही लक्षांत येतें.

पण 'ठसा' या शब्दानें फसूं नये. बोटाचा ठसा माणूस दाखवितो. हा ठसा केवळ कूळ दाखवितो. एकाच बनावटीचे व एकाच आवृत्तीचे शंभर मोबाइल एकच यादी पाठवितात. प्रणाली नवी झाली कीं यादी बदलूं शकते; आणि जी यादी एका यंत्रास पाठवितां येते, तिची नक्कल दुसऱ्यासही करतां येते. म्हणून केवळ ठशावरून कोणास दार उघडून देऊं नये, आणि कोणावर आळही घेऊं नये.

व्यक्तीची खरी ओळख फुटते ती १२ क्रमांकाच्या रकान्यांत. तेथें यंत्राचें नांव जातें, आणि पुष्कळदां त्यांत मालकाचेंच नांव गुंफलेलें असतें. उपाहारगृहाच्या जाळ्यांत शिरतांना तें अनोळखी कारभाऱ्याच्या वहींत नोंदलें जाऊं शकतें. मे २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका नियमावलींत यावर उपाय सांगितला आहे: यंत्रानें कमींत कमी मागावें, यादीचा क्रम उलटसुलट करावा, आणि खरें नांव पाठवूं नये. ही शिस्त पाळणें न पाळणें यंत्राच्या कर्त्याच्या इच्छेवर आहे. परंतु मोबाइलच्या वा संगणकाच्या नांवांतून आपलें नांव काढून टाकणें ज्याच्या त्याच्या हातीं आहे, आणि तें काम पांच मिनिटांचें आहे.