हट्ट कोण शिकवतो?

श्रोतेहो, गाईम्हशी पाळणाऱ्यांना मी काही नवे सांगतो आहे असे नाही. धारेची वेळ झाली, चरवी वाजली, आंबोणाचे घमेले पुढे आले, की वासरू कासेला लागण्याआधीच गाय पान्हवू लागते. चरवीच्या आवाजात दूध उतरवण्याचा स्वतःचा असा गुण नाही. पण रोज त्या आवाजामागून वासरू येते, आंबोण येते, आणि गाईच्या शरीराने दोहोंची गाठ बांधून टाकलेली असते. रशियातील पावलोव्ह या शास्त्रज्ञाने हीच गाठ कुत्र्यांवर प्रयोग करून तपासली. अन्नाच्या आधी ठराविक आवाज करायचा. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र पचनक्रियेवरील संशोधनासाठी.

आता गाय काही ठरवून पान्हवत नाही. जे आपण आपण होऊन करतो, त्याची सवय कशी लागते? त्यासाठी आठवड्याच्या बाजारात चला. रेवड्यांच्या पालापाशी पोर फतकल मारून बसले आहे. आई म्हणते, "न्हाई म्हंजे न्हाई!" पहिल्या बाजारी ती बधत नाही, दुसऱ्या बाजारीही नाही. तिसऱ्या बाजारी चार माणसे वळून पाहू लागतात, आणि लाजेकाजेस्तव ती म्हणते, "घे बाबा एकदाचं, पण गप बस."

पोर काय शिकले? रडून मिळते, एवढेच नव्हे. पुष्कळ वेळ रडले म्हणजे मिळते, हे शिकले. आणि आईही शिकली, बरं का! रेवडी दिल्याबरोबर कानठळ्या थांबल्या, चारचौघांची नजर टळली. ही सुटका म्हणजे तिचे बक्षीस. तेव्हा पुढल्या बाजारी तिचा हात लवकर सैल सुटतो. दोघे एकमेकांना शिकवीत असतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

तुम्ही म्हणाल, तीन बाजारांतून एकदाच तर दिले! खरा घोटाळा त्या 'एकदाच'मध्ये आहे. अमेरिकेतील स्किनर हे मानसशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करीत. पेटीतली दांडी दाबली की उंदराला अन्नाची गोळी मिळे. या गोळ्या स्किनर स्वतःच यंत्रावर पाडीत. काम मोठे कंटाळवाणे. एका शनिवारी दुपारी त्यांच्या ध्यानात आले, की आता गोळ्या पाडीत बसलो नाही, तर सोमवारी सकाळीच साठा संपणार. तेव्हा त्यांनी ठरवले, दर दाबाला गोळी द्यायची नाही, मिनिटातून एकदाच द्यायची. उंदीर दांडी दाबायचे सोडतील असे वाटावे. ते दाबीतच राहिले. पुढे असेही दिसले, की गोळ्या अजिबात बंद केल्यावर, दर वेळी मिळण्याची सवय असलेला उंदीर लवकर नाद सोडतो; कधीमधी मिळण्याची सवय असलेला कितीतरी अधिक वेळ दांडी दाबीत राहतो. मटक्याचा नाद सुटत नाही त्याचे एक कारण हेच.

म्हणून घरातून निघतानाच ठरवावे. द्यायचे असेल तर रडण्याआधी, हसत द्यावे. द्यायचे नसेल तर कोणत्याच बाजारी देऊ नये. मात्र देणे बंद केले की हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. तो वाढला असतानाच हात सैल सोडला, तर पोर त्या मोठ्या हट्टाचाच धडा घेते. आज्जीलाही आधी सांगून ठेवलेले बरे!

आता दोन शब्द शिक्षकबंधूभगिनींसाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी मी छडीच्या विरुद्धच बोललो असतो. छडी काय करू नये ते सांगते; काय करावे ते सांगत नाही. शिवाय चरवीची आणि पान्ह्याची जशी गाठ, तशी गणिताची आणि भीतीची गाठ पडते. फळ्यावर नुसता भागाकार मांडला तरी मुलाच्या हाताला घाम फुटतो. असे मूल गणित सोडवायला नव्हे, गणिताचा तास चुकवायला शिकते.

मग बक्षिसेच वाटावीत काय? तिथेही जपून. १९७३ साली लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीतील प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली, तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले, चित्र काढाल तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, चित्र झाल्यावर दिले. काहींना दिलेच नाही. आठ-पंधरा दिवसांनी तीच पेने वर्गात सहज मांडून ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांत रमली. हौसेचे काम त्यांच्या लेखी रोजंदारीचे झाले होते.

तेव्हा जो मुलगा पुस्तकाला हातच लावीत नाही, त्याला सुरुवातीला एखादे लहानसे बक्षीस खुशाल द्यावे. मात्र ते वाचल्याबरोबर द्यावे, महिनाअखेरीस नव्हे, आणि वाचन अंगवळणी पडू लागले की हळूहळू कमी करावे. पण जी मुलगी मधल्या सुट्टीत झाडाखाली आपण होऊन वाचीत बसली आहे, तिच्यापुढे बक्षीस नेऊ नये. कुठपर्यंत आलीस, एवढे विचारावे, आणि ती गोष्ट सांगत असेल तोवर ऐकत उभे राहावे.