वाटणी आणि वाढ



मराठीच्या प्राध्यापकाने पेशीविभाजनावर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु ‘विभाजन’ हा शब्दच मला या विषयाकडे घेऊन आला. आपल्याकडे विभाजन म्हणजे वाटणी. वडिलांच्या पश्चात आम्हां दोघा भावांत कपाशीचे शेत वाटले गेले, तेव्हा प्रत्येकाच्या पदरी निम्मेच आले. २०१६ साली आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले.

पेशीची वाटणी निराळी. ती आधी आपला आनुवंशिक ठेवा दुप्पट करते आणि मगच दुभंगते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी प्रत्येकाची हुबेहूब प्रत तयार होते आणि दोन्ही जन्यपेशींना पूर्ण ४६ मिळतात. प्रयोगशाळेत वेगाने वाढणाऱ्या मानवी पेशीचे हे चक्र साधारण २४ तासांचे. प्रत्यक्ष दुभंगण्यास त्यांतला सुमारे एकच तास लागतो. उरलेला काळ वाढीचा, नकलेचा आणि तपासणीचा. प्रत सदोष आढळली, तर चक्र रोखले जाते. या चक्राचे नियमन उलगडणाऱ्या लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

थांबणे हाही पेशीचा धर्म आहे. कपाशीचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी होय. ती विभागत नाही. रुंदीच्या हजारपटीहून अधिक लांब होते. आपले वस्त्र त्या थांबण्यातून आले आहे.

हा पहारा ढळला की पेशी अनिर्बंध विभागत राहते. तोच कर्करोग. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारून या रोगाच्या अभ्यासात आयुष्य वेचले.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शिक्षक होते. म्हणून एक कबुली देतो. एका शब्दाचा चुकीचा अर्थ मी कित्येक वर्षे शिकवला. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने शंका विचारली, तेव्हा ती सदोष प्रत थांबली. आधीच्या वर्गांसोबत गेलेली चूक मात्र परत आणता आली नाही. विद्या वाटल्याने निम्मी होत नाही, हे खरे. पण तिच्यातील चूकही निम्मी होत नाही. म्हणून मुलांनो, निःसंकोच शंका विचारा. वर्गातला पहारा तुमच्याकडे आहे.