वाचल्याशिवाय सही नाही



लेखकांच्या या संमेलनात सकाळच्या परिसंवादात वक्त्यामागून वक्त्याने एकच तक्रार मांडली. लोक उदासीन झालेत, ग्रामसभेला कुणी फिरकत नाही, गावाच्या कामाची कुणाला पडलेली नाही. अध्यक्षाने शेवटी सगळ्यांशी जुळवून घ्यावं अशी रीत आहे. आज मी ती मोडतो. ही तक्रार खोटी आहे आणि ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांच्या सोयीची आहे.

ग्रामसभा कशी उरकली जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. नोटीस फलकावर चिकटते, दवंडी बहुतेकांच्या कानावर येत नाही. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग मूठभर माणसं बसतात, सूचक-अनुमोदक आधीच ठरलेले असतात आणि नंतर प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी घरोघर फिरतं. सही करणाऱ्या बाईला विषय काय होता, हे कुणी सांगत नाही. नियमित सभेपूर्वी महिलांची सभा घ्यायची असते. ती रानातल्या कामाच्या वेळी ठेवायची आणि बायका येत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावायचा? ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अंमलात आली. तेव्हा जन्मलेली मुलं आज आईबाप झाली आहेत, आणि गावाला अजून कागदावरच हजर दाखवलं जातं.

शहरवाल्यांनी मान डोलवू नये. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शहराचा कारभार प्रशासकाने चालवला. निवडून दिलेला नगरसेवकच जिथे नव्हता, तिथे नागरिकाने सहभाग घ्यायचा तरी कशात?

माणसं येतात. त्यांच्या येण्याने काही बदलणार असेल तर रोजगार बुडवून येतात. दारूबंदीच्या मतदानात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं. नुसतं झालेल्या मतांचं बहुमत तिथे पुरत नाही, इतकी ती अट कडक आहे. तरीही बायकांनी कडेवर पोरं घेऊन रांगा लावल्या आणि दुकानं बंद पाडली. त्यांना उदासीन म्हणण्याची हिंमत कुणाची आहे?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो, भले वेळ लागो. निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारतो. या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. बांबू विकायला वाहतूक परवाना हवा होता, तो वनखातं देईना. गाव हटलं नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. या ताकदीचं मूळ मला त्या अभ्यासगटात दिसतं. अडाणी ठेवलेल्या माणसाकडून सही मिळते, निर्णय मिळत नाही.

म्हणून आता आपल्याकडे वळतो. काल खुल्या अधिवेशनात ठराव वाचले गेले, हात वर झाले, चर्चा झाली नाही. ज्या प्रकाराबद्दल आपण सरपंचांना दोष देतो तोच प्रकार आपण लेखकांनी या मंडपात केला. पुढच्या वर्षी ठराव महिनाभर आधी सभासदांच्या हाती पडले पाहिजेत आणि विरोधात बोलणाऱ्याला वेळ मिळाला पाहिजे. तसं होणार नसेल तर ते मांडूच नयेत. गावोगावच्या वाचनालयांनाही माझी मागणी आहे. वर्तमानपत्रांच्या शेजारी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक ठेवा. आठवड्यातून एक संध्याकाळ ते सोप्या मराठीत समजावून सांगायला इथले लेखक आणि शिक्षक बसतील. मी माझ्या गावी बसणार आहे.

आणि भगिनींनो, पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. चूक असेल तर तिथेच हरकत नोंदवा. वाचून पुरं होईपर्यंत वहीवर सही करू नका.