रक्ताच्या एका थेंबाची साक्ष
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब त्याच्या बुद्धीचे भवितव्य ठरवू शकतो. ज्यांची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच अकार्यक्षम असते, अशी बालके आरंभी बहुधा निरोगीच दिसतात. लक्षणे उमटेपर्यंत मेंदूची हानी होऊन गेलेली असते. म्हणून त्या थेंबातील थायरॉक्सिन हे संप्रेरक मोजावे लागते. पण एका मिलीलिटर रक्तात ते ग्रॅमच्या अब्जांश भागांत असते! मग मोजावे कसे?

हा मार्ग न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी दाखविला. इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, असे त्यांना आढळले. हे तज्ज्ञांना पटेना. १९५६ साली निबंध छापून यावा म्हणून शीर्षकातील ‘प्रतिपिंड’ हा शब्द त्यांना बदलावा लागला. पुढे १९५९-६० मध्ये त्याच प्रतिपिंडांना त्यांनी मोजमापाचे साधन बनविले.

कल्पना करा, पंगतीत पाने मोजकीच आहेत आणि फेटा बांधलेले पाहुणे ठराविक संख्येने आले आहेत. त्यांत बिनफेट्याचे पाहुणे मिसळले, तर काही फेटेवाले बाहेर राहतील. पंगतीत फेटे जितके कमी, तितके बिनफेट्याचे अधिक. पाने म्हणजे प्रतिपिंडे, फेटा म्हणजे किरणोत्सर्गी खूण आणि बिनफेट्याचे पाहुणे म्हणजे रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक.

थायरॉक्सिन, कॉर्टिसॉल यांसारखे रेणू मात्र इतके लहान की एकट्याने आले तर शरीर त्यांची दखलच घेत नाही. कार्ल लँडस्टायनर यांच्या संशोधनाने उपाय दाखविला होता: लहान रेणू मोठ्या प्रथिनाला जोडावा, म्हणजे प्रतिपिंडे निर्माण होतात. खरे कौशल्य जोडणीची जागा निवडण्यात आहे. रेणूची वेगळी ओळख ज्या भागात आहे, तोच जोडणीत झाकला गेला, तर प्रतिपिंड त्याला त्याच्या भाऊबंदांपासून ओळखू शकत नाही आणि चाचणी फसते. पकड जितकी घट्ट, तितकी चाचणी संवेदनशील.

याच तत्त्वावर १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील क्वेबेक येथे ज्याँ द्युसो यांनी कागदावर वाळविलेल्या रक्तातून थायरॉक्सिन मोजून नवजात बालकांची तपासणी सुरू केली. वेळीच निदान झाले, तर रोजची एक छोटी गोळी बालकाची बुद्धी वाचविते. आज अनेक ठिकाणी यासाठी टीएसएच मोजतात आणि किरणोत्सर्गी खुणेऐवजी बहुधा प्रकाश देणारी खूण वापरतात.

एक सावधगिरीची सूचना. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांच्या काही थायरॉईड चाचण्या चुकीच्या येऊ शकतात. चाचणीपूर्वी डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

बर्सन १९७२ साली निवर्तले. १९७७चे नोबेल पारितोषिक यॅलो यांना मिळाले. या पद्धतीचे पेटंट दोघांनीही घेतले नाही. ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवले. आपल्या घरी बाळ जन्माला येईल, तेव्हा टाचेच्या त्या एका थेंबाची चौकशी करण्यास विसरू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.