ताप उतरल्यानंतर



आम्ही वैद्य नाही. युनियनच्या पावत्या फाडण्यात आणि मजुरीचे हिशेब मांडण्यात आमची हयात गेली. तेव्हा चिकुनगुन्याविषयी बोलायचे, तेही हजेरीची वही समोर ठेवूनच बोलू.

हे नाव आफ्रिकेतले. १९५२-५३ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ही साथ आली, तेव्हा माकोंडे लोकांच्या भाषेतून ते आले. त्याचा अर्थ माणसाला वाकवून टाकणारा. आपल्याकडे नाव ऐकून कित्येकांनी कोंबडी खाणे सोडले! कोंबडीचा यात काडीचा संबंध नाही. माकोंड्यांनी मात्र रोग बरोबर ओळखला होता.

आपल्या बाजूला तो १९७३ साली बार्शीत येऊन गेला. पुढे सुमारे ३२ वर्षे देशात त्याचे नाव फारसे ऐकू आले नाही. २००६ साली तो पुन्हा उसळला. आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र धरून देशभर सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. सरकारी तक्त्यात मृत्यूच्या रकान्यात शून्य. शून्य वाचले की कचेरी निश्चिंत होते. पण त्या शून्याखाली काय दडले होते?

पुढे संशोधकांनी हिशेब केला, तो मरणाचा नव्हे, वाया गेलेल्या निरोगी आयुष्याचा. त्या एका वर्षात देशाची अशी २५,५८८ वर्षे बुडाली, आणि त्यांतला ६९ टक्के वाटा तापाचा नव्हे, मागे रेंगाळणाऱ्या सांधेदुखीचा होता. बुडालेली कमाई कमीत कमी ३९ कोटी १० लाख रुपये.

ताप आठवड्याभरात उतरतो. मनगटे, बोटे, घोटे मात्र कुणाचे महिनोन्‌महिने, कुणाचे वर्षानुवर्षे धरून राहतात. सकाळी मूठ मिटत नाही. जनाबाईंच्या या गावात दळणाकांडणाचे मोल आम्ही सांगावे असे नाही. भाकरी थापणे, धुणे पिळणे, धार काढणे, खुरपणे, सारे मनगटाचेच काम. घरच्या बाईच्या या कामाला हजेरी नाही, म्हणून तिचा खाडाही कुठे लिहिला जात नाही. वर सांगितलेल्या कोटींत तो कितपत धरला असेल, आम्हांस शंकाच आहे.

आता ऊसतोडीकडे या. रोगाचा भर पावसाळ्यात आणि त्यानंतर. टोळ्या निघतात त्याच सुमारास. उचल घेऊन झालेली असते, ती घरात खर्चही झालेली असते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकाचे मनगट सुजले की दोघांचा कोयता थांबतो, आणि खाडा उचलीवर चढतो. अंगावर जखम दिसत नाही, ताप तर केव्हाच गेला. मुकादमाला ते सोंग वाटते. कारखान्यातल्या विमेदार कामगाराला कामगार राज्य विमा योजनेतून आजारपणात मजुरीचे ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मिळू शकतात. ऊस तोडून देणाऱ्याला त्यातले काही नाही. हा भेद कोणत्या न्यायाने?

रोगावर नेमके औषध नाही. विश्रांती आणि वेदना कमी करणाऱ्या गोळ्या, त्याही डॉक्टरांना विचारून, कारण डेंग्यू असेल तर काही गोळ्या घात करतात. डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा रांजण-टाकी रिकामी करून घासा, असे सांगतात. ठीक आहे. पण जिथे नळ रोज येत नाही, तिथे भरलेला रांजण ओतून टाका असे बाईला सांगणे सोपे, तिने ऐकणे कठीण. दोष आधी नळाचा.

आमचे मागणे दोन ओळींचे आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर सांधेदुखीचा दिवस खाड्यात धरू नये, आणि तसे कलम उचल देतानाच कागदावर लिहावे. सभेत मुकादम मंडळी बसली आहेत. त्यांना यावर काही विचारायचे असेल तर आम्ही थांबतो.